मायको सर्कल

दिवसभर मी मायक्रॉन मोजतो.
शाफ्टचा व्यास, बोअरची खोली,
अधिक-उणे पाच चालतं, सहा झालं की लाल खडू.
गेज रूमला एसी आहे, दार बंद असतं,
आणि लोखंड कधी विचारत नाही,
काय मग, विशेष काय?

खैरनार विचारतात. कॅन्टीनच्या रांगेत,
ताटात उसळ पडेपर्यंत, सगळ्यांना.
बाकीचे "चाललंय" म्हणतात आणि सुटतात.
मी खरोखर आठवायला लागतो.
तोवर उसळ पडलेली असते,
खैरनार पलीकडच्या टेबलावर,
आणि माझं "काही नाही"
रिकाम्या खुर्चीला ऐकू जातं.

धात्रकांच्या दुकानात एकदा
ते म्हणाले, "या परत."
मी म्हणालो, "तुम्ही पण."
याला चार वर्षं झाली.
साबण मी आता मागच्या गल्लीतून आणतो.

पण सगळ्यात अवघड वाक्य संध्याकाळचं.
सातपूरहून शेअर रिक्षा, मागे तिघं, पुढे ड्रायव्हरला चिकटून एक,
आणि शब्द फक्त तीन:
मायको सर्कलला थांबवा.
बसल्यापासून घोळवत येतो.
आधी 'दादा' लावायचं का?
'थांबवा' म्हणायचं, की 'घ्या जरा साइडला'?
लवकर म्हटलं तर "माहितीये हो",
उशिरा म्हटलं तर करकचून ब्रेक,
मागच्याचा हॉर्न, सगळ्यांच्या माना माझ्याकडे.
वाक्य तयार असतं, जीभ टाळूला लागलेली असते,
आणि सर्कल बाजूने निघून जातं.
कुणी उतरलं तर त्याच्या पाठोपाठ उतरतो,
नाहीतर थेट सीबीएस.
तिथे सगळेच उतरतात, कुणालाच काही म्हणावं लागत नाही.
मग तिथून उलटा चालत घरी.
आई म्हणते, चालतोस ते बरंय,
शुगर आहे आपल्या घराण्यात.

परवा शेजारी एक बाई बसल्या.
गाल सुजलेला, दाताखाली कापसाचा बोळा,
मांडीवर औषधांची पिशवी.
मोबाइल माझ्यासमोर धरला, अक्षरं मोठ्ठी करून:
दाढ काढली. बोलायचं नाहीये.
आयटीआय सिग्नलला थांबवायला सांगाल?

मी मान हलवली.
म्हणजे वाक्य आता माझं नव्हतं, निरोप होता,
तरी तळहात तेवढेच ओले.
सिग्नल दिसला आणि मी ओरडलो, ओरडलोच:
"आयटीआय! थांबवा!"
पुढे बसलेला पोरगा दचकला.
बाईंना वाट द्यायला मी आधी खाली उतरलो,
रिक्षावाल्याने हात पुढे केला. "पंधरा."
'मला इथे उतरायचं नाहीये'
हे वाक्य मी तयार करून आणलं नव्हतं.
पंधरा दिले. रिक्षा गेली.

फुटपाथवर आम्ही दोघं.
त्यांनी भुवया वर केल्या.
"माझं मायको सर्कल," मी म्हणालो.
त्यांनी रिक्षा गेली तिकडे बोट केलं.
"हो. सांगता नाही आलं.
रोजच नाही येत."

एवढं मी कुणाशीच बोललो नव्हतो.
समोर कापसाचा बोळा होता म्हणून असेल.
त्यांना हसू फुटलं आणि हसता येईना,
गाल धरून, डोळे मिटून, खांदे हलत राहिले.
मग टाइप केलं: हसवू नका, टाके आहेत.
सॉरी म्हणणार होतो.
नाही म्हटलं.

निघालो. आज पहिल्यांदा सुलट,
सर्कल समोरून येत होतं.
चालता चालता म्हणून पाहिलं,
'दादा' लावून, 'दादा' न लावता,
मायको सर्कलला थांबवा, थांबवा ना, थांबवता का.
कणसाच्या गाडीवाल्याने वर पाहिलं, "काय देऊ?"

"काही नाही," म्हणालो.
वेळेत.
त्याने मान डोलावली
आणि निखाऱ्यावर पुठ्ठा हलवत राहिला.